घाऊक विक्री तीन महिने घसरली: मंदी की नुसतं पेट्रोल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत कागदी पेले, नॅपकिन, साफसफाईची रसायनं असा माल उपाहारगृहांना आणि कचेऱ्यांना पुरवण्याचा तुमचा छोटा धंदा आहे. बिगरटिकाऊ वस्तूंची घाऊक विक्री सलग तीन महिने घटल्याची बातमी तुम्ही वाचली. ही मंदीची चाहूल समजावी का आणि गोदाम भरणं आत्ताच आवरतं घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

तुम्ही ज्यांच्याकडून माल उचलत असाल त्यांच्यासारख्याच एका मोठ्या वितरकाकडे, मागणीचा अंदाज बांधण्याच्या कामात, मी वीसेक वर्षं काढली. हा आकडा मी दर महिन्याला बघत आलो आहे. एकदा त्याने मला चांगलंच तोंडावर पाडलं, ते पुढे सांगतो. तीन महिन्यांची घसरण खरी असेलही. पण ती कशाची घसरण आहे हे बातमीतल्या एका ओळीवरून कळत नाही, आणि तुमच्या गोदामाचा निर्णय त्या 'कशाची'वरच अवलंबून आहे. माल कमी विकला गेला, की तोच माल स्वस्तात विकला गेला?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. बिगरटिकाऊ म्हटलं की काहीजण 'नाशवंत' असा अर्थ घेतात आणि डोळ्यांपुढे भाजी-दूध येतं. अमेरिकी हिशेबात साधारण तीन वर्षांच्या आत वापरून संपणारा माल तो बिगरटिकाऊ. त्यात पेट्रोल-डिझेल येतं, औषधं येतात, कपडे, कागद, बिअर, सोयाबीन, रसायनं, सिगारेट सगळं येतं. सेन्सस ब्युरो म्हणजे अमेरिकेचं जनगणना खातं. त्याच्या घाऊक व्यापाराच्या मासिक अहवालात याचे नऊ गट आहेत: कागद, औषधं, कपडे, किराणा, कच्चा शेतमाल, रसायनं, पेट्रोलियम, मद्य आणि नववा 'इतर'. तुमचे पेले आणि नॅपकिन कागदाच्या गटात पडतात, साफसफाईची द्रव्यं रसायनांत.

ब्युरो सुमारे ४ हजार घाऊक व्यापाऱ्यांना दर महिन्याला विक्री आणि साठा विचारतो आणि त्यावरून देशाचा अंदाज काढतो. यात मोजले जातात ते माल स्वतः विकत घेऊन पुढे विकणारे व्यापारी. दलाली घेऊन सौदा जमवून देणारे यात नाहीत. कारखानदारांची स्वतःची विक्री कार्यालयंही मासिक आकड्यात नाहीत. बड्या किरकोळ साखळ्या थेट कारखान्यातून माल उचलून आपल्याच गोदामातून दुकानांत पाठवतात, तोही नाही. म्हणजे 'देशातला सगळा माल या नळातून वाहतो' ही समजूत चुकीची आहे. काही गटांत तो जवळजवळ सगळा वाहतो. १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यापासून बहुतेक राज्यांत उत्पादक, वितरक, दुकानदार अशा तीन पायऱ्या कायद्यानेच घातल्या आहेत, त्यामुळे बिअरला वितरकाला टाळून जाणं अवघड. कागदाच्या गटात मात्र मोठे ग्राहक गिरणीशी परस्पर सौदा करतात आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला मधले आणि छोटे ग्राहक उरतात. तुमच्यासाठी हे वाईट नाही. तुमचे ग्राहक त्याच थरातले आहेत.

आता मुख्य गोष्ट. हा आकडा डॉलरमधला आहे. त्यातून सणासुदीचे, हंगामाचे चढउतार काढलेले असतात. महिन्यात किती सोमवार आले नि किती शनिवार, याचाही हिशेब केलेला असतो. पण भाववाढ किंवा भावघट काढलेली नसते. अहवालात हे स्पष्ट छापलेलं असतं, बातमीत मात्र ते वाक्य क्वचितच येतं.

टिकाऊ मालात याने तितकंसं बिघडत नाही, कारण फ्रिजची किंवा यंत्राची किंमत महिन्याभरात २० टक्के हलत नाही. बिगरटिकाऊ मालात पेट्रोलियम आहे आणि धान्य आहे, आणि यांचे भाव तसे हलतात. अलीकडच्या वर्षांत बिगरटिकाऊ मालाची एकूण घाऊक विक्री महिन्याला साडेतीनशे अब्ज डॉलरच्या आसपास राहिली आहे आणि औषधं, किराणा, पेट्रोलियम हे तीन गट मिळून त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग भरतो. हिशेब करून बघा. समजा ३५० अब्जांपैकी ७० अब्ज पेट्रोलियमचे आहेत आणि तेलाचा भाव १५ टक्क्यांनी पडला. एक गॅलनही कमी विकलं गेलं नाही, तरी विक्री साडेदहा अब्जांनी घटली, म्हणजे एकूण आकडा ३ टक्क्यांनी खाली. एका महिन्यात ३ टक्के ही बातमीच्या दृष्टीने मोठी पडझड आहे. प्रत्यक्षात सगळे पंप तितकंच पेट्रोल विकत होते आणि गाडीवाले खुशीत होते.

माझी फजिती याच जागी झाली. २०१४ च्या मध्यावर अमेरिकी कच्चं तेल बॅरलला १०० डॉलरच्या वर होतं. २०१५ च्या जानेवारीत ते ५० च्या खाली आलं. घाऊक विक्रीचा बिगरटिकाऊ आकडा महिन्यामागून महिना खाली जाताना बघून मी वरिष्ठांना एक टिपण दिलं: मागणी आटतेय, वसंतासाठीची खरेदी कमी करू. त्यांनी विश्वास ठेवला. वसंत आला, उपाहारगृहं गजबजली. पेट्रोलवर वाचलेले पैसे लोक बाहेर जेवण्यावर खर्च करत होते, आणि आमच्याकडे खाणं घरी न्यायचे डबे संपलेले. ट्रक अर्धे रिकामे जात होते, ग्राहक दुसरीकडे वळत होते. त्या वर्षी अमेरिकेतली बेकारी जानेवारीतल्या ५.७ टक्क्यांवरून डिसेंबरपर्यंत ५ टक्क्यांवर आली. मंदी कुठेच नव्हती. मी सुतावरून स्वर्ग गाठला होता, आणि सूतसुद्धा पेट्रोलचं होतं.

सगळंच माझ्या अंगावर घेत नाही. तेल पडल्याने टेक्सास आणि नॉर्थ डकोटातली तेलक्षेत्रं खरोखर मार खात होती, आणि त्या भागातल्या आमच्या शाखांना तो जाणवलाही. माझी चूक अशी की एका कोपऱ्यातली झळ मी देशभर पसरवली.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतरची सर्वांत मोठी घसरण असं जिला तेव्हा म्हटलं गेलं ती मंदी २००७ च्या डिसेंबरात सुरू झाली, असं अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक संशोधन संस्थेने नंतर ठरवलं. आता २००८ चा पूर्वार्ध आठवा. तेल चढत चढत जुलैमध्ये १४७ डॉलरला टेकलं, धान्याचे भावही भडकलेले. त्यामुळे मंदी लागून सहा महिने झाले तरी बिगरटिकाऊ मालाच्या घाऊक विक्रीचा डॉलरमधला आकडा चढताच होता. ज्याने नुसता तो पाहिला त्याला सगळं आबादीआबाद दिसलं असणार. मग वर्ष सरेस्तोवर तेल चाळीसच्याही खाली आलं आणि आकडा कोसळला, तेव्हा ही माणसं दचकली. एकाच आकड्याने २००८ मध्ये खोटा दिलासा दिला आणि २०१४-१५ मध्ये खोटी भीती घातली. दोन्ही वेळा बोलत होतं तेल.

म्हणून अहवाल आला की मी एकूण आकडा शेवटी बघतो. सकाळी पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार १० वाजता तो येतो. गटवार तक्ता उघडायचा आणि पेट्रोलियम व कच्चा शेतमाल या दोन ओळींवर सरळ रेघ मारायची. शेतमालाच्या ओळीत तर निर्यातही मिसळलेली असते, कारण परदेशी जहाज भरणारा धान्यव्यापारीही घाऊक व्यापारीच. २०१८ च्या जुलैमध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जकात लावली. त्याआधीच्या महिन्यांत निर्यातदारांनी माल बाहेर काढायची एवढी घाई केली की त्या तिमाहीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यातही सोयाबीन दिसलं. अशा ओळीवरून एखाद्या गावातल्या कचेरीत नॅपकिन किती लागतील हे काढायला जाणं म्हणजे कठीणच.

औषधांची ओळ मी पुसत नाही, पण बाजूला ठेवतो. ती जवळजवळ कायम चढती असते. लोक मंदीत मधुमेहाची गोळी बंद करत नाहीत. शिवाय मॅकेसन, कार्डिनल हेल्थ आणि सेन्कोरा या तीन कंपन्यांच्या हातात औषधवाटपाचा बहुतेक धंदा आहे, आणि तिथे मोजली जाते ती बिलावरची रक्कम. उत्पादक मागाहून विमा व्यवस्थेला जी सूट परत देतो ती इथे दिसत नाही. वजन कमी करण्याची नवी महागडी इंजेक्शनं आली तशी ही रक्कम आणखी फुगली. आणि २०२५ च्या सुरुवातीला जकातीच्या धास्तीने औषधांची आयात, विशेषतः आयर्लंडहून, एकदम उसळली होती. असे धक्के मागणीचे नसतात, तारीख गाठण्याच्या धावपळीचे असतात. ही ओळ इतकी जड आहे की उरलेल्या गटांतली खरी घसरण ती सहज झाकून टाकते. तुमच्या बातमीत औषधं धरूनही एकूण आकडा तीन महिने खाली असेल, तर एकतर पेट्रोल चांगलंच पडलंय किंवा बाकीचं खरंच ढिलं आहे. यातलं पहिलं तपासायला एक मिनिट पुरतं: त्या तीन महिन्यांत पंपावरचा भाव कुठून कुठे गेला ते बघा.

मग उरतात किराणा, कागद, रसायनं, कपडे, मद्य आणि इतर. हा माझा वाचण्याचा भाग. यातही भाव आहेतच, पण सावकाश हलणारे. रसायनांत तेल लपलेलं असतं, कारण प्लॅस्टिकचा कच्चा माल त्या गटात येतो, तेवढं ध्यानात ठेवायचं. किराण्यात दोन वेगळे धंदे एकाच ओळीत कोंबलेले आहेत: सुपरमार्केटला माल देणारे आणि उपाहारगृहांना माल देणारे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये सुपरमार्केटचे रॅक रिकामे होत होते आणि उपाहारगृहांना कुलपं लागली होती. एकाचा खड्डा दुसऱ्याच्या ढिगाने काही अंशी बुजत होता. ओळ बघणाऱ्याला दोन्ही दिसले नसते. तुमचे ग्राहक उपाहारगृहं आहेत, तेव्हा किराण्याच्या ओळीवर तुम्ही आंधळा भरवसा ठेवू नका. उपाहारगृहांची विक्री किरकोळ विक्रीच्या अहवालात स्वतंत्र ओळीत येते आणि ती बरीच आधी येते. तुम्हाला तीच जास्त उपयोगी.

भाव काढून टाकायचे कसे, हा पुढचा प्रश्न, आणि इथे एक सापळा आहे ज्यात हुशार माणसं पडताना मी पाहिली आहेत. कामगार सांख्यिकी कार्यालय उत्पादक किंमत निर्देशांक काढतं. त्यात 'घाऊक व्यापार' नावाचा एक निर्देशांक असतो. नाव बघून वाटतं, हाच तो, याने विक्रीला भागलं की झालं. पण तो निर्देशांक मालाची किंमत मोजत नाही. घाऊक व्यापारी खरेदी आणि विक्री यांच्या मधे जे मार्जिन ठेवतो, ते तो मोजतो. तेल दुप्पट महागलं तरी मार्जिन जागेवर राहू शकतं. त्याने भागलंत तर भाववाढ जशीच्या तशी आकड्यात राहील आणि तुम्ही समजाल, आपण ती काढली. भागायचंच असेल तर वस्तूचा निर्देशांक घ्या: कागदाच्या मालाला कागदाचा, खाद्यपदार्थांना खाद्यपदार्थांचा. एवढी खटपट नको असेल तर आर्थिक विश्लेषण कार्यालय उत्पादन आणि व्यापार विक्रीचे (कारखाने, घाऊक आणि किरकोळ मिळून) भाव वगळलेले आकडे दर महिन्याला देतं, घाऊक आणि बिगरटिकाऊ वेगळे काढून. ते आणखी उशिरा येतात, एवढाच त्रास. मंदीच्या तारखा ठरवणारी, वर सांगितलेल्या संशोधन संस्थेची समिती ज्या मोजक्या मासिक मालिका बघते त्यांत भाव वगळलेली ही उत्पादन-व्यापार विक्री आहे. डॉलरमधली नाही.

यावरून दुसरा मुद्दा निघतो. तुम्ही 'चाहूल' म्हणालात. हा आकडा चाहूल देणाऱ्यांतला नाहीच. कॉन्फरन्स बोर्ड ही खासगी संशोधन संस्था आपल्या निर्देशांकांत उत्पादन आणि व्यापार विक्रीला अर्थव्यवस्थेच्या बरोबरीने चालणाऱ्यांत बसवते, आणि साठा-विक्री गुणोत्तराला (साठा भागिले विक्री, त्याबद्दल पुढे) मागून येणाऱ्यांत. त्यात अहवाल महिना संपल्यावर सुमारे ४० दिवसांनी येतो. २०२० चंच बघा. एप्रिलमध्ये घाऊक विक्री अभूतपूर्व कोसळली, पण ते कागदावर आलं तेव्हा जून उजाडला होता. मंदीचा तळ एप्रिलमध्येच होऊन गेला होता, असं नंतर ठरलं. वरातीमागून घोडं म्हणतात तसलाच प्रकार. नोकऱ्यांचा अहवाल साधारण पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो, किरकोळ विक्री महिन्याच्या मध्यावर, बेकारी भत्त्याचे अर्ज दर गुरुवारी. सरकार ठप्प झालं तर सगळंच लांबतं, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या ४३ दिवसांत झालं तसं. मग हा उशिराचा आकडा बघायचाच कशाला? कारण बाकीचे आकडे ग्राहकाबद्दल बोलतात, आणि हा मधल्या गोदामाबद्दल. तुमच्या-आमच्या जागेबद्दल थेट बोलणारे आकडे फार नाहीत.

एक छोटी गोष्ट, पण दर महिन्याला कामाची. अहवालात बदलाच्या टक्क्यापुढे कंसात अधिक-उणे अशी एक संख्या असते आणि कधी कधी पुढे एक फुली (*). समजा, छापलंय: उणे ०.३ टक्के, कंसात अधिक-उणे ०.५, पुढे फुली. याचा अर्थ नमुन्यातली चूक धरता खरा बदल शून्य असू शकतो, किंवा किंचित वाढही असू शकते. ब्युरो स्वतःच सांगतोय की घट झाली असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. बातमी मात्र 'घट' अशीच येते. तुमच्या तीन महिन्यांपैकी किती महिन्यांपुढे फुली आहे ते बघा. दोनांपुढे असेल तर 'सलग तीन महिने' हे शब्दच डळमळतात. शिवाय प्रत्येक महिन्याचा आकडा पुढच्या महिन्यात सुधारला जातो आणि वर्षातून एकदा जुने आकडेही नव्याने बसवले जातात. मी म्हणून तीन महिन्यांची सरासरी काढतो आणि गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडतो. महिन्यागणिक उड्या बघून आजवर कुणाचं भलं झालेलं मला माहीत नाही.

आता साठ्याकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न गोदामाचा आहे. महिनाअखेरचा साठा भागिले महिन्याची विक्री, हे गुणोत्तर. बिगरटिकाऊ मालात ते एकाच्या आसपास फिरतं, म्हणजे साधारण महिनाभर पुरेल इतका माल. टिकाऊ मालात ते बरंच जास्त असतं. गुणोत्तर चढायला लागलं की माल पडून राहतोय, पुढे खरेदी थांबणार, कारखान्यांच्या ऑर्डरी घटणार, असं पुस्तकी वाचन आहे. ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण इथेही भाव आडवा येतो. विक्री आजच्या भावाने नोंदली जाते, साठा ज्या भावाने घेतला त्या भावाने. तेल पडलं की विक्रीची रक्कम लगेच खाली येते, साठ्याची रक्कम मागून येते. टाकीत तितकेच गॅलन असूनही गुणोत्तर चढतं. २०१५ मध्ये ते चढत होतं आणि त्यावर काळजीचे लेख येत होते. त्यातला किती भाग खरोखर पडून राहिलेला माल होता आणि किती भाग या हिशेबाच्या फरकाचा, हे गट वेगळे केल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

त्यामुळे मी गुणोत्तर कागदाचं वेगळं बघतो, किराण्याचं वेगळं. आणि विक्री व साठा कोणत्या जोडीने हलले ते बघतो. विक्री घटली आणि साठाही घटला, तर व्यापाऱ्यांनी आधीच हात आखडलाय. त्यांना निदान धक्का बसलेला नाही. विक्री घटली आणि साठा वाढला, तर त्यांना हे अपेक्षित नव्हतं. ही जोडी मला बेचैन करते. असा माल गळ्यात पडलेले वितरक दोनेक महिन्यांत भाव तोडायला लागतात, आणि तेव्हा तुमच्यासारख्याने चार महिन्यांचा माल जुन्या भावाने भरून ठेवलेला असला तर तोटा तुमचा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पेट्रोल आणि धान्य काढा, औषधं बाजूला ठेवा, फुल्या मोजा, तीन महिन्यांची सरासरी वर्षापूर्वीशी लावा, आणि कागद व रसायनांत विक्री-साठ्याची जोडी बघा. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

पण देशाचा आकडा म्हणजे देशाचाच. तुमचे ग्राहक शाळा आणि इस्पितळं असतील तर मंदीतही ते हात धुणारच. कचेऱ्या असतील तर लोक आठवड्यातले किती दिवस घरून काम करतात यावर तुमचा कागद ठरतो, अर्थव्यवस्थेवर नंतर. छोटी, स्वतंत्र उपाहारगृहं असतील तर तुम्ही सर्वांत आधी झळ सोसणाऱ्यांच्या शेजारी उभे आहात. कर्ज काढून माल भरता की रोखीने, पुरवठादार आठवड्यात माल देतो की परदेशातून यायला तीन महिने लागतात, हेही मला माहीत नाही. आठवड्यात मिळत असेल तर हा सगळा घोळ तुमच्यासाठी निम्मा. कमी भरा, लागेल तसं मागवा. तीन महिने लागत असतील तर चुकीच्या बाजूला पडण्याची किंमत मोठी, आणि माझा २०१५ चा वसंत आठवा: रिकामा रॅकही ग्राहक घालवतो.

तुमच्याकडे एक साधन आहे जे ब्युरोकडे नाही: तुमची स्वतःची बिलं. त्यात डॉलर बघू नका, खोकी मोजा. आमच्याकडे ढिलाई डॉलरमध्ये दिसायच्या आधी ऑर्डरच्या आकारात दिसायची. पॅलेटभर मागवणारा ग्राहक अर्धं पॅलेट मागवतो, मग खोक्यांनी मागवतो, पण आठवड्यातून दोनदा. महिन्याची बेरीज जवळजवळ तितकीच येते, म्हणून हिशेबनीसाला काही कळत नाही. ट्रकवाल्याला कळतं, कारण त्याच्या फेऱ्या वाढलेल्या असतात. दुसरी खूण उधारीची. ३० दिवसांत पैसे देणारा ४० वर जातो, फोन उचलतो, गोड बोलतो, पण चेक पुढच्या आठवड्यात. तिसरी खूण म्हणजे जाड नॅपकिनवरून पातळ नॅपकिनवर येणं. २००८ मध्ये आमच्या एका शाखेतल्या गोदामप्रमुखाने मला फोन करून सांगितलं होतं की दुपदरी माल हलत नाही, एकपदरी संपलाय. तेव्हा घाऊक विक्रीचा एकूण आकडा चढताच होता. मी त्या फोनला द्यायला हवं होतं तेवढं महत्त्व दिलं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ता असं केलं असतं. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून वरच्या वीस ग्राहकांची खोकी, ऑर्डरींची संख्या आणि पैसे यायला लागलेले दिवस असा तक्ता मांडला असता. मग अहवालातल्या कागद आणि रसायनं या दोनच ओळी वर सांगितल्याप्रमाणे लावल्या असत्या. तक्ता ठीक असेल आणि त्या दोन ओळीही वर्षापूर्वीइतक्याच असतील, तर तुम्ही वाचलेली घसरण बहुधा पंपावरची आहे. खरेदी नेहमीसारखी चालू ठेवा. तक्ता ढिला आणि ओळी ठीक, तर दुखणं तुमच्या गावाचं किंवा तुमच्या स्पर्धकाचं आहे, देशाचं नाही. तिथे विक्रेत्याला पाठवा, आकडे बघत बसू नका. तक्ता ठीक आणि ओळी ढिल्या असतील तर पुढच्या अहवालापर्यंत थांबा, पण उधारीची मुदत नव्या कुणालाही वाढवून देऊ नका. आणि दोन्ही ढिले असतील, त्यातही कागदाचा साठा वाढताना दिसत असेल, तर खरेदी कापा. सरसकट नको. महिन्यातून एकदा हलणारा माल आधी, रोज जाणारे पेले सर्वांत शेवटी.

पेट्रोलचे भाव आणि तुमची खोकी जुळवून पाहिलीत की काय दिसलं ते कळवा. ग्राहक कोणत्या प्रकारचे आहेत तेही लिहा, म्हणजे किराण्याच्या ओळीला तुमच्या बाबतीत किती वजन द्यायचं ते मला सांगता येईल.